खुर्चीचं तोंड

बोरीवली (पूर्व),
मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६

रत्नाताई,

परवा रविवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, मालाडच्या एका चाळीच्या गॅलरीत, माझं सगळं फिरलं. वेळ नक्की सांगतो, कारण क्षमाच्या घरातल्या रेडिओवर सातच्या बातम्या संपून कुणीतरी गायला लागलं होतं.

क्षमाबद्दल तुला दिवाळीत देवगडला आलो तेव्हा बोललो होतो. माझ्याच वर्गातली. मी फिजिक्स अर्ध्यात टाकलं, ती आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांबद्दल तेव्हा बोललो नव्हतो. कुंडलिक घाडी. एकोणीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात मागांवर कापड विणलं, संपात गिरणी गेली, आता मरोळच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर आहेत.

तिचं जर्नल परत द्यायचं निमित्त काढून गेलो होतो. आम्ही गॅलरीत, दार बंद, खिडकी बंद, आत रेडिओ. मी क्षमाला म्हटलं, पुढच्या रविवारी मढला जाऊ, वर्सोव्याहून अकराची लाँच. इतकं हळू की तिलाच "काय?" म्हणावं लागलं. पुन्हा म्हटलं. तेवढ्यात दार उघडलं आणि म्हातारा समोर.

"मढाक जावचा नाय. अकराच्या लाँचीन नाय आणि बाराच्यान पण नाय. आणि कॉलेज सोडलेल्यान माझ्या दारात रवाचा नाय."

जर्नल माझ्या हातातच राहिलं. तू हसशील. मला हसू येत नाही, कारण हा माणूस कागदोपत्री बहिरा आहे. त्यांच्या युनियनने आठ कामगारांचा दावा लावलाय, कारखान्याच्या आवाजाने कान गेले म्हणून. त्यात घाडी तिसरे. आणि आठही जणांची तपासणी कुठे, तर अंधेरीला डॉ. श्यामसुंदर कारखानिसांकडे. म्हणजे माझ्याकडे. कॉलेज सोडल्यापासून तिथलं कान तपासायचं मशीन मीच चालवतो. काल यादी आली. मंगळवार, १८ फेब्रुवारी, के. बी. घाडी. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नाही.

आता नीट ऐक. दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, म्हाताऱ्याला ठणठणीत ऐकू येतं आणि तो सोंग करतोय. दुसरी, तो खरंच बहिरा आहे. मग त्याला मढचं कळलं कसं? हा बेत मी क्षमाला गुरुवारीच चिठ्ठीत लिहून दिला होता, लाँचसकट. म्हणजे तिनेच बापाला सांगितलं. म्हणजे तिला मी नकोय, आणि तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून तिने म्हाताऱ्याला पुढे केलं.

दोन रात्री झोप नाही. दुसरी गोष्ट खरी असेल तर माझी वाट लागली. म्हणून पहिलीच खरी असणार. सोंग करणाऱ्याला कसं पकडतात, ते तुझ्या फिजिक्समधून शोधून कळव. १८ च्या आत.

चंदू


देवगड,
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

चि. चंद्रप्रकाश,

मेल्या, पत्राला बहिणीची खुशाली विचारायची पद्धत असते. मला पाचवा लागलाय. पाय सुजतात, नववीच्या पोरांना उभं राहून शिकवणं होत नाही, म्हणून बसून ओरडते. २० तारखेला कोल्हापूरला सोनोग्राफीला जायचंय. सासूबाईंचा त्या यंत्रावर भरवसा नाही. "आयकाक न येणारो आवाज पोटात सोडतत, पोराच्या कानाक काय झाला तर?" मी फिजिक्स सांगायला गेले तर म्हणाल्या, "तुझा फिजिक्स शाळेत ठेव."

आता तुझं. कुजबूज म्हणजे काय, ते आधी बघ. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले पडदे थरथरतात. जाड, खालच्या पट्टीचा आवाज तिथून येतो. कुजबुजताना ते गप्प असतात, उरते फक्त हवेची सळसळ, वरच्या पट्टीतली. आणि कानठळ्या बसवणाऱ्या जागी काम करून कान जातो तो आधी वरच्या पट्टीतच. चार हजार हर्ट्झला खड्डा पडतो, हे तूच मला दिवाळीत कागदावर काढून दाखवलं होतंस. शिवाय बंद दारखिडकी आधी काय अडवते? बारीक आवाज. म्हणून शेजारच्या आळीतल्या लग्नाचा ढोल घरात येतो, सनई येत नाही.

म्हणजे बंद खिडकी, आत रेडिओ आणि बाहेर कुजबूज. असं तुझ्या तरण्या कानालासुद्धा ऐकू येणार नाही. घाड्यांना आलं असं तू म्हणतोस. तू दोन शक्यता मांडल्यास, मला तिसरी वाटते. या सगळ्यात कान नव्हताच.

तेव्हा उलट टपाली सांग. खिडकी लाकडाची की काचेची? गॅलरीत दिवा होता का? तुझं तोंड कुठे होतं?

आणि ही तपासणी तू करू नकोस. ज्याच्या मुलीवर जीव टाकतोस आणि ज्याच्यावर दात खातोस, त्याचा कान तू मोजायचा? डॉक्टरांना सरळ सांग, ओळखीचे आहेत, दुसऱ्याला बसवा.

तुझी,
रत्नाताई


बोरीवली (पूर्व),
बुधवार, १९ फेब्रुवारी १९८६

ताई,

खिडकी काचेची. ट्यूबलाइट होती, माझ्या डोक्यावरच. माझं तोंड खिडकीकडे, क्षमाची पाठ. झालं समाधान? शाळामास्तरीण आहेस की पोलीस?

आता माझं ऐक. पकडला. काल दुपारी बारा वाजता.

आमच्याकडे एक साउंडप्रूफ खोली आहे, मोठ्या कपाटाएवढी. भिंतींना फेल्ट, दाराला रबर, मध्ये दुहेरी काचेची खिडकी. पेशंट आत, मी बाहेर मशीनवर. त्याच्या कानात मी एकेका पट्टीचा सूर सोडतो, मोठ्यापासून बारीक करत जातो. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. जिथे बोट थांबतं तिथे मी ग्राफवर खूण करतो. काम एवढंच.

म्हातारा मला बघून थबकला. "तू?" मी म्हटलं, "मीच. बसा." खुर्चीचं तोंड नेहमी भिंतीकडे असतं. मी ते फिरवून काचेकडे केलं. मुद्दाम. मला त्याचे डोळे बघायचे होते. खोटं बोलणाऱ्याचे डोळे आधी हलतात. सूर सोडायचं बटण मशीनच्या खालच्या अंगाला आहे, दर वेळी वाकावं लागतं, तरी मी नजर हटवली नाही. त्यानेही नाही. एकमेकांकडे बघत होतो, कुस्तीच्या आधी बघतात तसे.

आणि बोट वर. दर वेळी वर. अडीचशेला वर, हजाराला वर, चार हजाराला वर. मी आवाज कमी करत वीस डेसिबलपर्यंत आलो, तरी वर. वीस म्हणजे तुझा माझा कान, ताई. साचाखात्यात एकोणीस वर्षं काढलेल्याचा नाही.

मग डॉक्टर आले. त्यांनी म्हाताऱ्याच्या पाठीमागे उभं राहून दहा साधे शब्द उच्चारले. म्हाताऱ्याला परत म्हणता आले दोन. सूर सगळे येतात, शब्द येत नाहीत. तोच माणूस, तेच कान, तीच पाच मिनिटं. डॉक्टर म्हणाले, "वा. सोंगाड्याचा नमुना आहे हा." शेरा मी लिहिला, माझ्या अक्षरात. 'बनाव. दावा संशयास्पद.' खाली माझी सही, वर त्यांची. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कारखाना दर वर्षी दोनशे माणसं आमच्याकडे पाठवतो, असा रिपोर्ट त्यांना आवडणारच. आता खोट्या दाव्याबद्दल घाड्यांना चार्जशीट मिळेल, नोकरीवरच येईल. १७ मार्चला मेडिकल बोर्डासमोर आठही जणांचा निकाल आहे.

तेव्हा क्षमाने काही सांगितलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. जाताना म्हातारा खूश होता. माझ्याकडे बघून चक्क मान हलवली. पकडला गेलेला माणूस खूश कसा? बेरकी आहे, दुसरं काय.

चंदू


देवगड,
सोमवार, २४ फेब्रुवारी १९८६

चंदू,

परवा रात्री कोल्हापूरहून आले. आधी तेच सांगते, त्यात तुझंही आहे.

पोटावर गार चिकट काहीतरी लावतात आणि त्यावरून साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा फिरवतात. त्यातून सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा आवाज आत जातो. कुणाला ऐकू येत नाही, मलाही नाही. आत आदळून जे परत येतं त्याचं पडद्यावर चित्र होतं. त्या बाईंनी हात दाखवला. मग ठोकळा जरासा तिरका झाला आणि हात गेला. माझा जीव उडाला. म्हटलं, कुठे गेला हात? त्या म्हणाल्या, "हात तिथेच आहे हो. माझा कोन बदलला." पुन्हा सरळ धरलं, पाच बोटं दिसली. एसटीत घाटभर मला तेच दिसत होतं, आणि मग तुझी खुर्ची दिसायला लागली.

तू खुर्ची फिरवलीस. खुर्चीचं तोंड भिंतीकडे का असतं, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं का? माणसाने कानाने उत्तर द्यावं, डोळ्यांनी नाही, म्हणून. तू दर वेळी वाकत होतास आणि तो तुझ्यावरून नजर हटवत नव्हता. त्याने आवाजाला बोट वर केलं की तुझ्या वाकण्याला? तुझा ग्राफ कुणाचा आहे, चंदू? त्यांच्या कानाचा की तुझ्या मानेचा?

आणि डॉक्टर मागे उभे राहिले तेव्हा दोन शब्द. मागे डोळे नसतात.

गॅलरीत काच होती, दिवा तुझ्या तोंडावर होता. ज्या माणसाने एकोणीस वर्षं साच्यांच्या धडधडाटात काढली, तो तिथे शेजारच्याशी बोलत कसा असेल, याचा कधी विचार केलास?

तुला आठवतं ना, प्रॅक्टिकलला सरांनी तुझी रीडिंग्ज बघून म्हटलं होतं, ही कुणाच्या तरी वहीतून उतरवली आहेस. तू खरी घेतली होतीस. त्यांनी पुन्हा करून बघितलं नाही. तू दार आपटून निघून आलास, काचेची नळी फुटली ती वेगळीच. आजवर मी तुझ्या बाजूने आहे. पण आता तू त्या सरांच्या जागी बसलायस.

१७ मार्चला वेळ आहे. जा, आणि पुन्हा मोज.

रत्नाताई


मालाड,
शनिवार, १ मार्च १९८६

चंद्रप्रकाश,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. तू तिथे नक्की काय करतोस ते आता कळलं.

१८ तारखेला बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले. आईला म्हणाले, "पास झालंय. एक शिटी चुकली नाय." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पास व्हायचं नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? दावा युनियनने लावला, मी भरीस घातलं म्हणून त्यांनी सही केली. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही हे त्यांनी आजवर एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. गिरणीत ज्याला ऐकू येत नाही त्याला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, साच्यावरून काढायचा, म्हणून ते तेव्हापासून सगळ्याला हो म्हणतात.

आमच्या घरात बाबांना हाक मारत नाहीत. आवाज पोचला तरी ती आपल्याला हाक आहे हे त्यांना कळत नाही. आई दिव्याचं बटण दोनदा खालीवर करते, मग ते वळून बघतात. मी समोर जाऊन उभी राहते. पाठमोरे असतील तर खांद्याला हात लावते. साचाखात्यातली सगळी माणसं अशीच बोलायची, चार साचे पलीकडच्याशी, नुसत्या ओठांनी. त्याला ते काही वेगळं समजत नाहीत. त्या दिवशी काचेतून बाबांनी तुझे ओठ बघितले, तेवढंच. मला वाटलं होतं, तुला एक दिवस हसत हसत सांगेन.

मंगळवारी कारखान्याचं पत्र आलं. खोटा दावा केल्याबद्दल कामावरून का काढू नये, म्हणून. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. त्यांना वाटलं, मी चुकीचं वाचतेय. मग खालचा कागद बघितला, त्यावर तुझं अक्षर होतं. तुझं अक्षर मला ओळखू येतं.

जर्नल परत नकोय.

क्षमा


बोरीवली (पूर्व),
सोमवार, १० मार्च १९८६

ताई,

तुझं पत्र आणि क्षमाचं पत्र चार दिवसांच्या अंतराने आली. मधले तीन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो, ते लिहून टाकतो म्हणजे संपलं.

गुरुवारी मालाडला गेलो. क्षमाने दार उघडलं आणि बाजूला झाली. घाडीकाका पाटावर बसून कंदील पुसत होते, पाठमोरे. मी नाव घेऊन हाक मारली. मोठ्याने, दोनदा. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला, ते वळले नाहीत. क्षमा माझ्याकडे बघत होती. मग तिने दिव्याचं बटण दोनदा दाबलं.

मी समोर बसलो आणि सांगितलं. शेरा मी लिहिला. खुर्ची मी फिरवली. तुम्हाला पकडायला फिरवली. त्यांनी शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मध्येच मान खाली घातली तर हनुवटीला बोट लावून वर केली. "खाली बघून बोलशीत तर माका काय समाजताला?"

मी विचारलं, तुम्ही दर वेळी बोट का वर करत होता? ऐकू येत होतं?

"सायबान सांगल्यान, आवाज झालो की बोट वर कर. तू वाकलंस म्हणजे आवाज झालोच मां? तू कामावर बसलंस, उगाच वाकशीत कित्याक?"

ताई, मी त्यांना पकडायला बसलोय हे त्यांना सुचलंच नाही. साच्यावर समोरच्याने हात वर केला म्हणजे धागा तुटला. आवाज कशाला हवा? मी त्यांचे डोळे बघत होतो, ते माझं काम बघत होते.

क्षमाची आई मध्येच म्हणाली, "आता सांगलंस ता बरा, पण नोकरेचा काय?" मी म्हटलं, पुन्हा तपासू. काका म्हणाले, "आणि नापास झालंय तर?" मी म्हटलं, काका, नापासच व्हायचंय. त्यांनी कंदिलाची काच उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे माका आयकाक येणा नाय, ह्या तू लिवन देतलंस." मी हो म्हटलं. त्यांनी कंदिलाची काच बसवली.

काल रविवार, दवाखाना बंद. चावी माझ्याकडे असते. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण शुक्रवारी नुसता विषय काढला तर "संपलेली केस आहे" म्हणाले. काका आणि क्षमा आले. खुर्चीचं तोंड भिंतीकडे केलं. काचेवर मी आतून पेपर चिकटवला, बोट तेवढं दिसेल अशी फट ठेवून. काका दोनदा वळून बघायला गेले. तिसऱ्यांदा नाही गेले.

अडीचशेला पंचवीस डेसिबल. पाचशेला पंचवीस. हजाराला पस्तीस. दोन हजाराला पन्नास. मग चार हजार. मी वाढवत गेलो, साठ, सत्तर. बोट गुडघ्यावर तसंच. ऐंशीला वर आलं, तेही अर्धं, खात्री नसल्यासारखं. तो सूर माझ्या उघड्या कानाला बंद खोलीबाहेरही लागत होता असं वाटलं. आठ हजाराला पुन्हा साठ. ग्राफवर खूण करताना मला खड्डा दिसत होता, दिवाळीत तुला काढून दाखवला होता तसाच. सोंग करणाऱ्याला असा खड्डा काढता येत नाही. कुठल्या पट्टीला बहिरं व्हायचं, हे त्याला कसं कळणार?

काकांनी बाहेर येऊन विचारलं, "किती मार्क?" क्षमा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

जिना उतरताना काका मला म्हणाले, "परत कधी मढाक जावचा आसात तर तोंड फिरवून बोल." क्षमा हसली नाही. पण ऐकलं तिने.

आता ग्राफ आहे, पण त्यावर डॉक्टरांची सही नाही. काय करू, लवकर कळव.

चंदू


तार
देवगड, १३ मार्च १९८६

नुसत्या ग्राफने काम होणार नाही. पहिल्या तपासणीत काय चुकलं ते स्वतः लिहून सही दे. डॉक्टरांना आधी सांग. चोरून नको. प्रकृती ठीक.
रत्ना


अंधेरी स्टेशनासमोरच्या हॉटेलातून,
शनिवार, १५ मार्च १९८६

ताई,

तार काल मिळाली. रात्रीच लिहिलं. एक पान. १८ फेब्रुवारीला पेशंटची खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती, ती मी फिरवली होती, त्याला माझ्या हालचाली दिसत होत्या, म्हणून तो ग्राफ धरता येणार नाही. शेरा मी लिहिला, तो मी मागे घेतो. माझी पेशंटच्या कुटुंबाशी ओळख होती, ती मी लपवली. पेशंटला बोर्डाने स्वतः तपासावं, भिंतीकडे तोंड करून. तीन प्रती केल्या, तिसरी सोमवारी बोर्डात द्यायला. एक युनियनच्या गुणाजी राण्यांकडे आज सकाळी दिली. डॉक्टरांना आधी सांग म्हणाली होतीस, पण त्यांच्यासमोर माघार घेईन अशी भीती वाटली. त्यांनी ती वाचून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कारखान्यानं तर नाय ना पाठवला तुला?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पान उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

दुसरी प्रत डॉक्टरांना द्यायला गेलो. बाहेर पेशंट बसले होते, म्हणून ते मला साउंडप्रूफ खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. तिथे दोन माणसं उभी राहिली की हलायला जागा नसते. मध्ये ती खुर्ची.

त्यांनी सगळं वाचलं. चष्मा काढला.

"रविवारी माझ्या दवाखान्यात?"

"हो सर. विचारायला हवं होतं."

"खुर्ची कशी होती हे बोर्ड विचारत नाही, चंद्रप्रकाश. हे पान गेलं तर माझे सगळेच रिपोर्ट त्यांच्या डोळ्यांवर येतील. दोनशे माणसं. समजतंय?"

"बाकीच्यांची खुर्ची बरोबर होती. ते मी लिहून देतो."

"तू लिहून देतोस. तू कोण? सेकंड इयर नापास."

"नापास नाही सर, सोडलंय. आणि दोन्ही ग्राफवर तपासणाऱ्याची सही माझीच आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. वाईट माणूस नाहीत, ताई. मला कॉलेजबद्दल एक प्रश्न न विचारता ठेवून घेतलं होतं. मग म्हणाले, "त्या मुलीसाठी करतोयस ना हे? मला कळलंय. अरे, तुझ्यासारखी दहा पोरं बघितलीत मी."

"मुलीसाठी पहिला रिपोर्ट केला होता, सर. हा नाही."

त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "हे घे, फाड, आणि सोमवारी कामावर ये. मी विसरलो. नाहीतर चावी ठेव."

क्षमाचं सांगायचं राहिलं. काल ती कॉलेजातून परस्पर दवाखान्यात आली होती, पाच मिनिटं. म्हणाली, "सोमवारी दहाला बोर्डात ये. तिथे बाबांच्या समोर उभा राहून बोल, मागून नको." मढबद्दल नाही, आमच्याबद्दल नाही. मी विचारलंही नाही. मी नुसता विचार करत बसलो की ती हे बाबांसाठी म्हणाली की माझ्यासाठी, आणि मग स्वतःलाच शिव्या घातल्या. जे म्हणाली तेच म्हणाली.

मी चावी खुर्चीवर ठेवली. खुर्चीचं तोंड काचेकडे होतं, कुणीतरी साफसफाईला फिरवलेलं. ते भिंतीकडे केलं.

"चंद्रप्रकाश, मी बोलतोय," डॉक्टर म्हणाले.

मी बाहेर पडलो आणि दार आपटायला घेतलं. कॉलेजात आपटलं होतं तसंच, सगळा जोर लावून. पण त्या दाराला रबर आहे, फेल्ट आहे, ते आपल्याच चालीने येतं. डॉक्टर आत अजून बोलत होते. फट बारीक होत गेली तसे त्यांच्या बोलण्यातले स आणि श गेले, मग त आणि फ गेले, शब्द गेले, उरली नुसती घुमघूम, माणूस बोलतोय एवढं कळेल इतकीच. घाडीकाकांना आम्ही सगळे असेच ऐकू येत असणार. मी खांदा लावला आणि दार बंद केलं.

चंदू